अठरा प्रश्नांची तालीम

फलकावर नोटीस लागली ती बुधवारी, सकाळच्या चहाच्या आधी. गोपाळकृष्ण वर्तकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून ती वाचली, आणि चहाची घंटा होऊन माणसं पांगली तरी ते फलकासमोरून हलले नाहीत. नोटीस चारच ओळींची होती. पुढच्या गुरुवारी सर्व रहिवाशांची वार्षिक स्मरण-तपासणी. यंदा नवीन डॉक्टर येणार आहेत. प्रत्येकाला एकट्याने आत बोलावले जाईल. पती वा पत्नीने कृपया बाहेर थांबावे.

ती शेवटची ओळ अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या माणसाने चार वेळा वाचली.

वारज्याला टेकडीच्या पायथ्याशी ज्येष्ठांसाठी बांधलेली ही तीन मजली इमारत. खालच्या दोन मजल्यांवर ज्यांचं स्वतःचं स्वतःला उरकतं अशी माणसं, बहुतेक जोडप्याने राहणारी. ज्यांना आठवत नाही, ज्यांना एकटं सोडता येत नाही, ती तिसऱ्या मजल्यावर. तिथे जिन्याला जाळीचं दार, चोवीस तास माणूस, उजवीकडे बायकांच्या खोल्या आणि डावीकडे पुरुषांच्या. नवरा असो की बायको, भेटायची वेळ चार ते सहा. तिथलं कुणी वाईट नव्हतं, पण नियम तो नियम. इमारतीत एखादं माणूस गेलं की ज्या आवाजात ते सांगतात, त्याच आवाजात ‘तिसऱ्यावर गेले’ असं सांगायची पद्धत पडली होती.

दिवाळीत मुक्ताई जगताप तिसऱ्यावर गेल्या. तेव्हापासून त्यांचे यजमान संभाजीराव जिन्याखालच्या बाकावर दुपारी दोनलाच येऊन बसत. ते मूळचे वारज्याचेच. इमारतीच्या मागच्या ओढ्यापर्यंत एके काळी त्यांचा ऊस उभा असायचा. इतक्या लवकर कशाला येऊन बसता, असं गोपाळरावांनी त्यांना एकदा विचारलं होतं.

“वर्तकसाहेब,” ते म्हणाले, “खोलीत बसलं तर चार वाजतच न्हाईत. हितं बसलं की निदान वाजत्यात तरी.”

नोटीस वाचली त्या दिवसापासून गोपाळरावांना त्या बाकावर संभाजीरावांच्या शेजारची रिकामी जागा दिसायला लागली. कारण त्यांची बायको, सुनीतीबाई, विसरत होती. आणि ते फक्त त्यांना एकट्याला माहीत होतं.

दोन वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, यात गोपाळरावांची एक जन्माची कला खर्ची पडली होती. पाटबंधारे खात्यात ते कारकून म्हणून लागले आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण ती झाली पोटाची नोकरी. त्यांचं खरं आयुष्य गेलं ते विंगेत. कसबा पेठेतल्या हौशी नाटकमंडळींचे ते एकतीस वर्षं प्रॉम्प्टर होते. नटाचं वाक्य अडलं की पडद्याआडून ते हळूच पुरवणारा माणूस! जाहिरातीत ज्याचं नाव नसतं, ज्याला रंग लागत नाही, टाळ्या पडतात तेव्हा जो वही मिटून चपला शोधत असतो, तो माणूस. काय दिवस होते ते. दिवसभर ऑफिसात कालव्यांच्या फायली, संध्याकाळी तालीम, आणि हिवाळा आला की राज्य नाट्यस्पर्धा. पडद्यामागे नारळ फुटायचा, उदबत्तीचा आणि रंगाचा वास एकमेकांत मिसळायचा, तिसरी घंटा व्हायची आणि भलेभले नट बर्फासारखे गार पडायचे. त्या वेळी ते बघायचे विंगेकडे. वर्तक आहेत ना? आहेत. मग जिवात जीव यायचा.

या कामात शब्द पुरवणं सोपं असतं. कधी पुरवायचा नाही, हे कळणं अवघड. नट थांबला म्हणजे विसरलाच असं नाही. कधी तो प्रेक्षकांना मुठीत धरून मुद्दाम थांबलेला असतो, आणि अशा वेळी प्रॉम्प्टर बोलला तर त्याच्यासारखा पापी तोच. गोपाळराव श्वासावरून ओळखायचे. विसरलेल्या माणसाचा श्वास वर गळ्यापाशी अडकतो, थांबलेल्या माणसाचा खाली पोटात असतो.

एकतीस वर्षांत प्रेक्षकांतल्या एकाच व्यक्तीला त्यांचा आवाज ऐकू आला. प्रयोग संपल्यावर नायकाची धाकटी बहीण भावाला शोधत पडद्यामागे आली, आणि वही मिटणाऱ्या या किडकिडीत माणसासमोर उभी राहून म्हणाली, “दुसऱ्या अंकात ऐकू आलात तुम्ही. तिसऱ्या रांगेपर्यंत.” गोपाळराव तीन दिवस नीट जेवले नाहीत. पुढच्या प्रयोगाला ती पुन्हा तिसऱ्या रांगेत. प्रयोगानंतर आली, “आज नाही आलात,” एवढंच म्हणाली आणि गेली. सहा महिन्यांनी लग्न झालं.

सुनीतीबाईंनी बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. जीभ अशी की मुख्याध्यापिकासुद्धा त्यांच्याशी बोलण्यापूर्वी घसा साफ करत. राजस हा एकुलता एक मुलगा. तो शिकला, संगणकाच्या कंपनीत लागला, कादंबरी नावाची गुणी मुलगी त्याने घरात आणली, आणि दोघं बाणेरला राहायला गेली. पाच वर्षांपूर्वी कसब्यातल्या घराचे जिने गुडघ्यांना पेलेनासे झाले, तेव्हा राजस आईबाबांना आपल्याकडे न्यायला आला. सुनीतीबाईंनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, “पाहुणे म्हणून यायचं आणि निघायची वेळ विसरायची, हे मला जमणार नाही.” वारज्याची ही जागा त्यांनीच पाहून ठेवली होती.

मग दोन वर्षांपूर्वी एके दुपारी, जेवणघरात, वाढणाऱ्या बाईंना त्या काहीतरी सांगायला गेल्या आणि थांबल्या. हात पुढे, बोट एका भांड्याकडे, आणि श्वास वर गळ्यापाशी. “कोशिंबीर,” शेजारून गोपाळराव म्हणाले, ओठसुद्धा न हलवता. “हां, कोशिंबीर,” सुनीतीबाई म्हणाल्या, आणि जेवण पुढे सुरू झालं.

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी गोपाळरावांना आनंद झाला. सतरा वर्षं घरी बसलेल्या माणसाला पुन्हा बोलावणं आलं होतं. पुढे शब्द वाढत गेले. आधी भाज्यांची नावं, मग माणसांची, मग आज कोणता वार हेसुद्धा. त्या बोलायला लागल्या की गोपाळराव त्यांच्या डाव्या खांद्यामागे अर्धं पाऊल उभे असत. रविवारी राजसचा फोन आला की ते स्पीकर लावून जवळ बसत. कादंबरी एकदा सहज म्हणाली होती, आई, तुम्ही हल्ली बाबांकडे बघून बोलता. गोपाळराव हसले होते. पन्नास वर्षांच्या संसारात दुसरीकडे कुठे बघायचं, असं काहीतरी म्हणून त्यांनी वेळ निभावली.

आता बंद दाराबाहेरून शब्द कसा पोचवायचा? नोटिशीसमोर उभं राहून त्यांनी बराच विचार केला, आणि नाटकवाल्याला जे सुचेल तेच सुचलं. विंग नसेल तर पाठांतर पक्कं पाहिजे.

मागच्या वर्षी जुन्या डॉक्टरांनी दोघांना शेजारी बसवून गप्पांवरच तपासणी उरकली होती. पण दिवाळीत मुक्ताईंना काय काय विचारलं होतं, ते संभाजीरावांच्या डोक्यात कोरल्यासारखं होतं. तेव्हा जोडीदाराला आत बसू देत. गोपाळरावांनी शंभर पानी वही आणली, डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर, जशी नाटकाची वही करत तशी. अठरा प्रश्न झाले. आज वार कोणता, महिना कोणता, ऋतू कोणता, आपण आत्ता कुठे आहोत, नवऱ्याचं पूर्ण नाव, शंभरातून सात वजा करत खाली या, देशाची राजधानी, असे.

“राजधानी?” पहिल्याच दिवशी सुनीतीबाईंनी भुवई उचलली. “आफ्रिकेतल्या नद्या पाठ करून घेतल्यात मी पोरींकडून.”

“तरी सांग.”

“दिल्ली. अजून तिथेच आहे ना?”

गोपाळराव हसले आणि पान उलटायला लागले. तेवढ्यात सुनीतीबाईंनी वहीवर तळहात ठेवला. त्यांना काय माहीत आहे आणि काय नाही, याचा अंदाज गोपाळरावांना हल्ली येत नसे. त्या वहीकडे बघत होत्या.

“मला वर पाठवतील का हो?”

“नाही,” ते म्हणाले. “मी आहे ना.”

सुनीतीबाईंनी वही त्यांच्याकडे सरकवली. मग हात उचलून म्हणाल्या, “घ्या तालीम.”

रोज सकाळी नाश्ता झाला की दार लोटून तालीम सुरू व्हायची. पहिले तीन दिवस फार वाईट गेले. ‘शिशिर’ कधी सापडायचा, कधी नाही. वजाबाकी त्र्याण्णवलाच अडकायची. पण गोपाळरावांनी चिवट नट पाहिले होते. चौथ्या दिवशी त्यांनी एक युक्ती केली. पूर्ण प्रश्न विचारण्यात वेळ जातो, म्हणून नुसती पेन्सिल टेबलावर वाजवायची. एक ठोका, एक उत्तर. सहाव्या दिवशी सुनीतीबाई पहिल्यापासून अठराव्यापर्यंत न अडखळता गेल्या. गुरुवार. फेब्रुवारी. शिशिर. वारजे, पुणे. आवाजही जुना, वर्गातला. केर काढायला आलेली शकू झाडू हातात धरून दारातच उभी राहिली. ती शेजारच्या शिवणे गावची, या इमारतीत पहिल्या दिवसापासून कामाला; केरही तिचा, वाढणंही तिचं.

“काकू तर पाढं म्हनल्यावानी म्हनत्यात,” ती म्हणाली.

गोपाळरावांना ती शाबासकी वाटली.

गुरुवारी त्यांनी सुनीतीबाईंना आवडती निळी साडी नेसायला सांगितली, दारापर्यंत सोडलं, आणि बाहेरच्या खुर्चीवर बसले. दार नीट लागत नव्हतं. बोटभर फट राहायची. डॉक्टर नम्रता पस्तिशीच्या असतील. आवाज मऊ होता. त्यांनी सुनीतीबाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि वही-पेन बाजूला ठेवून सहज गप्पांना सुरुवात केली.

“काकू, नाश्त्याला काय होतं आज?”

“गुरुवार,” सुनीतीबाई म्हणाल्या. ठणठणीत आवाजात.

बाहेर गोपाळरावांनी खुर्ची दाराच्या फटीजवळ ओढली.

“बरं. इथे मैत्रिणी झाल्यात का कुणी?”

“फेब्रुवारी.”

“पंखा लावू का थोडा?”

“शिशिर.”

रंगभूमीवर असं होतं कधीकधी. एखादा नट दोन पानं गाळून पुढचं वाक्य म्हणतो आणि सगळं नाटक रुळावरून घसरतं. पण तिथे विंगेतून एक शब्द टाकला की गाडी परत आणता येते. इथे दोघांच्या मध्ये दार होतं. गोपाळराव उठून उभे राहिले, दाराच्या मुठीला हात लावला, आणि नियम आठवून पुन्हा बसले. आत आणखी दोन प्रश्नांना ‘वारजे, पुणे’ आणि नवऱ्याचं पूर्ण नाव मिळालं, मग डॉक्टरांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: आंबा, खुर्ची, पोपट. सुनीतीबाईंनी ताबडतोब त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट म्हणून टाकलं. बिनचूक.

दहा मिनिटांनी त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. पहिला अंक रंगवून आलेल्या नटीसारखा.

“सगळं म्हटलं मी. एकही अडलं नाही. ऐकू आलं ना?”

“आलं,” गोपाळराव म्हणाले. “छान म्हटलंस.”

दुपारी व्यवस्थापक राजनंदिनी मॅडमनी त्यांना कार्यालयात बोलावलं. बाई भल्या होत्या. आधी पाणी दिलं, मग बोलल्या. डॉक्टरांच्या मते सुनीतीबाईंना लवकरात लवकर तिसऱ्या मजल्यावर हलवायला हवं. अवस्था वाटत होती त्यापेक्षा बरीच पुढची आहे. मुलाला शनिवारी बोलावलं आहे, सह्या त्याच्यासमोर होतील. गोपाळरावांनी एकच विचारलं, डॉक्टर अजून आहेत का? होत्या, पाचला निघणार होत्या.

ते खोलीवर गेले. सुनीतीबाई झोपल्या होत्या. वही टेबलावर होती. ती घेऊन खाली जायचं म्हणजे दोन वर्षांचं सगळं उघड करायचं. राजसशी, मॅडमशी, सगळ्यांशी आपण खोटं वागलो, हे आपल्या तोंडाने सांगायचं. नाही घेतली, तर आपणच घडवलेल्या चुकीपायी ती वर जाणार. गोपाळरावांनी चपलाही उलट्या घातल्या. वाहनतळावर डॉक्टर गाडीचं दार उघडत होत्या, तिथे त्यांनी वही पुढे केली.

डॉक्टरांनी पानं चाळली. “हे कुणी लिहिलं?”

“मी.”

“आणि पाठ?”

“मीच करून घेतलं. क्रमाने.” मग त्यांनी सगळं सांगितलं. कोशिंबीर, डावा खांदा, रविवारचा फोन, पेन्सिलीचा ठोका. सांगताना त्यांची नजर डॉक्टरांच्या बुटांवर होती.

डॉक्टरांनी वही मिटली. “म्हणजे आज मी काकूंना तपासलंच नाही. तुमच्या वहीला तपासलं.”

त्यांनी शिफारस आठ दिवस थांबवली. पुढच्या गुरुवारी त्या पुन्हा येणार होत्या, पण एका अटीवर. तोपर्यंत सुनीतीबाईंना एकही शब्द पुरवायचा नाही. वार नाही, नाव नाही, भाजी नाही. त्यांचं किती हरवलंय आणि तुम्ही किती झाकलंय, हे वेगळं झाल्याशिवाय मला काही ठरवता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. गोपाळरावांनी मान हलवली. एकतीस वर्षं ज्यासाठी उभं राहिलो ते आठ दिवस करायचं नाही. किती सोपं वाटतं सांगायला.

पहिल्याच जेवणाला सुनीतीबाईंचा हात हवेत थांबला. त्यांनी डावीकडे बघितलं. गोपाळराव ताटात बघत होते. टेबलावरच्या सगळ्यांचे चमचे थांबले. श्वास गळ्यापाशी, तो आवाज गोपाळरावांना शंभर माणसांच्या गलक्यातही ऐकू आला असता. शब्द त्यांच्या जिभेच्या टोकावर होता. त्यांनी दात दाबून धरले.

“ते पांढरं,” सुनीतीबाई अखेर म्हणाल्या. “घुसळतात ते.”

“ताक व्हय,” शकू म्हणाली, आणि वाटी भरून निघून गेली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुनीतीबाई चिडल्या. त्यांना वाटलं नवरा रागावलाय. “दातखीळ बसलीय का तुमची?” त्यांनी जिन्यात विचारलं. गोपाळराव काय सांगणार? त्या कुठे अडतात, हे त्यांना पाठ होतं. अडल्यावर त्या काय करतात, हे त्यांनी दोन वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं. कधी त्या वळसा घालून दुसऱ्या शब्दाने पोचायच्या. कधी बराच वेळाने, विषय संपल्यावर, तो शब्द एकदम म्हणायच्या. आणि कधी नाहीच. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते बघवत नसे. एका सकाळी त्या केसात कंगवा धरून आरशासमोर उभ्या राहिल्या आणि पुढे काय करायचं हेच त्यांना आठवेना. गोपाळराव पलंगावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. शेवटी शकूने येऊन वेणी घातली.

शनिवारी राजस आला. भेटायच्या खोलीत आईसमोर उभा राहिला. सुनीतीबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग डावीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. नाव येत नव्हतं. पोटच्या मुलाचं नाव! राजस आधी हसला, त्याला गंमत वाटली. मग त्याचं हसू मावळलं. दोन अक्षरं गाळून नुसतं ‘रा’ पुरवलं असतं तरी भागलं असतं; गोपाळरावांनी खिशातला रुमाल मुठीत आवळला.

“ये,” सुनीतीबाई म्हणाल्या. “जेवलास का? वाळलायस.”

नंतर राजस बापाला बाहेर घेऊन गेला.

“कधीपासून, बाबा?”

“दोन वर्षं.”

“आणि दर रविवारी फोनवर? म्हणजे दोन वर्षं मी कुणाशी बोलत होतो?”

राजसने सह्या केल्या नाहीत, पण कागद परतही दिले नाहीत. आईची सेफ्टी महत्त्वाची, तुम्ही इमोशनल होऊन चालणार नाही, गुरुवारी डॉक्टर म्हणतील ते फायनल, असं म्हणाला. गाडीत बसल्यावर मात्र काच खाली करून त्याने विचारलं की तिला रात्री झोप लागते ना. काच वर गेली तरी गाडी बराच वेळ तिथेच उभी होती.

त्या चार दिवसांत गोपाळरावांनी रोज एकदा तिसऱ्या मजल्याच्या जाळीपर्यंत जाऊन यायचा परिपाठ ठेवला. आत बायका पत्ते खेळत होत्या, एक रेडिओ चालू होता. वाईट काही नव्हतं. संभाजीरावांनी सरकून जागा केली तर त्यांच्या शेजारी बसायचं नाही, एवढं मात्र त्यांनी ठरवलं होतं.

गुरुवारी डॉक्टरांनी त्यांना आत बसू दिलं. खुर्ची सुनीतीबाईंच्या मागे ठेवली, भिंतीशी, म्हणजे वळल्याशिवाय ते दिसणार नाहीत. वळलात तरी चालेल काकू, पण काका बोलणार नाहीत, असं त्यांनी दोघांनाही स्पष्ट सांगितलं.

“नाश्त्याला काय होतं?”

थोडा वेळ गेला. “उपमा. भिंतीला पोस्टर चिकटेल असा.”

वर्ष चुकलं. महिना बरोबर आला. तीन शब्दांपैकी एक राहिला, दोन गेले. आपण कुठे आहोत, याला त्या आधी कसबा म्हणाल्या, मग खिडकीतून टेकडी बघून, “नाही, कसब्यात टेकडी कुठली,” असं स्वतःलाच सुनावलं. प्रत्येक चुकीला गोपाळराव खुर्चीत पुढे सरकत होते. पेनचा आवाज त्यांना हातोडीसारखा वाटत होता.

मग डॉक्टरांनी पेन ठेवलं. “काकू, तुम्हाला कशाची भीती वाटते?”

सुनीतीबाई थांबल्या. गोपाळरावांना उत्तर माहीत होतं. वर जायची. दोन शब्द. ते त्यांच्या घशाशी आले. त्यांनी सवयीने कान दिला, आणि सुनीतीबाईंचा श्वास त्यांना ऐकू आला. तो वर अडकलेला नव्हता. खाली, पोटात होता.

“ह्यांची,” सुनीतीबाई म्हणाल्या. “मी वर गेले तर मला काय, चार बायका असतील, ती केर काढणारी येईल. हे बसतील तिथे. जिन्याखाली, ते लाकडाचं, लांबलचक. जन्मभर दुसऱ्यांचंच बोललेत हो हे. स्वतःचं एक वाक्य येत नाही ह्यांना. खाली एकटे राहिले तर कुणाचं बोलतील?”

डॉक्टरांनी मान उचलून भिंतीकडे बघितलं.

“काका, तुम्हाला काही म्हणायचंय?”

गोपाळराव उठले. तोंड उघडलं. पुढ्यात वही नव्हती. एकतीस वर्षांत त्यांनी हजार माणसांची दुःखं, प्रेमं, शपथा कुजबुजल्या होत्या, त्यातलं एकही वाक्य इथे लागू पडत नव्हतं. सुनीतीबाई खुर्चीत वळल्या. ज्या बाईने वर्गात कुणाला उत्तराला दोन क्षणांहून जास्त दिले नाहीत, ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत नुसती थांबून राहिली.

“मला हिच्याजवळ राहायचंय,” गोपाळराव म्हणाले. आवाज दाराबाहेर गेला. “तिसरा मजला असेल तर तिसरा.”

तिसऱ्यावर जोडपी ठेवायचा नियम नव्हता, आणि तो डॉक्टरांच्या हातातही नव्हता. त्यांनी बराच वेळ लिहिलं. विसरणं आहे, ते वाढणार, थांबणार नाही, हे त्यांनी दोघांनाही तोंडावर सांगितलं. पण आज त्या पुरेशा सावध आहेत. माणसं ओळखतात, भूक-तहान सांगतात, वाट चुकली तर चुकली हे त्यांना कळतं. सहा महिने त्या खालीच राहतील. सकाळ-संध्याकाळ शकू त्यांच्यासोबत असेल. खोलीच्या दाराची आतली कडी काढायची. त्यांना एकटं बाहेर पाठवायचं नाही. आणि काय काय हरवलं ते गोपाळरावांनी दर आठवड्याला राजसला आणि मॅडमना खरं खरं सांगायचं. सहा महिन्यांनी पुन्हा हीच खोली, हीच खुर्ची.

कागद हातात घेऊन दोघं बाहेर आले. ऑगस्ट, गोपाळरावांच्या डोक्यात एवढंच घुमत होतं. ऑगस्ट. तो शब्द त्यांनी सुनीतीबाईंना सांगितला नाही. कार्यालयात जाऊन राजसला फोन लावला. तो ऐकून घेत राहिला, मग म्हणाला की येत्या रविवारी फोन नको, मीच येतो, कादंबरीही येईल. आईला माझं नाव सांगून ठेवू नका. गोपाळराव हो म्हणाले.

मोठ्या व्हरांड्याच्या तोंडाशी सुनीतीबाई थांबल्या. डावीकडे त्यांची खोली, उजवीकडे कपडे धुवायची जागा आणि पुढे भिंत. त्यांनी दोन्हीकडे नीट बघितलं, पदर सारखा केला, आणि उजवीकडे वळल्या. गोपाळरावही वळले. दोघं धुण्याच्या यंत्रांशेजारून, वाळत घातलेल्या चादरींमधून चालत भिंतीपाशी पोचले.

सुनीतीबाईंनी भिंतीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“इकडे कुठे आणलंत मला?” त्या म्हणाल्या.

“फिरायला,” गोपाळराव म्हणाले.

“जागा बरी शोधलीत,” असं म्हणून त्या मागे वळल्या आणि पुढे चालू लागल्या.